कुळथाच्या प्रथिनाचा खिसा

आईच्या गाठीचा तुकडा काचपट्टीवर होता, आणि तो अख्खाच्या अख्खा हिरवा चमकत होता.

"म्हणजे सगळाच आजार?" शाल्मलीने विचारलं.

नानांनी, तिच्या आजोबांनी, काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. दापोलीच्या या प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म घालवला होता, पण आजचा तुकडा त्यांच्या स्वतःच्या लेकीचा होता. शास्त्रज्ञांना घरचं माणूस तपासायला देऊच नये.

"पुन्हा पाहिलं. निकाल तोच," चिमटे नावाचा यंत्रमानव म्हणाला. त्याला काळवेळ कळत नसे.

"नाना, चमकतंय ते काय आहे?"

"कच्च्या कुळथातलं प्रथिन. आपल्या पेशींवर (शरीराच्या इवल्याशा विटा) साखरेचे तुरे असतात. चहातली साखर नव्हे हं, त्यांचे कितीतरी प्रकार आहेत. काही प्रथिनांना खिसा असतो, त्यात ठरावीक साखरच बसते. अशा प्रथिनाला लेक्टिन (साखर धरणारं प्रथिन) म्हणतात. कॅन्सरच्या पेशींचे तुरे अर्धवट राहतात, त्यामुळे एक साखर उघडी पडते. कुळथाचं लेक्टिन तीच धरतं. मी त्याला चमकणारा रंग लावलाय."

"आणि धडधाकट माणसाचं काही चमकत नाही?"

"माझं रक्त नाही चमकलं."

"फक्त तुमचंच बघितलंत?"

नानांनी होकारार्थी मान हलवली. शाल्मलीने बोट पुढे केलं. "माझं रक्त बघा."

"नको गं," नाना पटकन म्हणाले. इतके घाबरलेले नाना तिने कधी पाहिले नव्हते. पण तिने बोट काही मागे घेतलं नाही.

चिमटेने सुई टोचली. पडद्यावर तिचं रक्तही हिरवंगार! "म्हणजे मलाही?" शाल्मलीने विचारलं. आणि नाना चक्क हसायला लागले.

"अगं, तू तर ठणठणीत आहेस! तुझा रक्तगट ए, आईचाही ए. माझा ओ. ए गटाच्या तुऱ्याच्या टोकालाही हीच साखर असते. एवढं साधं मला सुचू नये!"

"मग आईचं कळणार कसं?"

"खिसा बदलू. ए गटात या साखरेच्या शेजारी आणखी एक साखर चिकटलेली असते. कॅन्सरच्या तुऱ्यात ती नसते. प्रथिन म्हणजे गुंडाळलेली मण्यांची माळ. खिशाच्या कडेला जाडा मणी घातला, की साखरेची जोडी अडेल, एकटी साखर आत जाईल."

नव्या माळेची कृती (जनुक) चिमटेने यीस्टला दिली, आणि यीस्टने प्रथिन बनवलं. पहिला मणी फारच जाडा निघाला, खिसाच बुजला. नाना चिडले, चिमटेवर उगाच ओरडले. दुसरा मणी मात्र बसला. शाल्मलीचं रक्त आता काळंभोर दिसलं, आणि शीतपेटीत तपासणीसाठी जपून ठेवलेल्या कॅन्सरच्या पेशी चमकल्या.

मग आईचा तुकडा ठेवला. सगळीकडे अंधार होता, फक्त मध्ये एक हिरवा ठिपका होता.

शाल्मलीला रडू कोसळलं. "म्हणजे आहेच."

"आहे," नाना तिला जवळ घेत म्हणाले. "पण एवढासाच, आणि तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे पुढे पसरलेला नाही. डॉक्टरांना आता नेमकं कळेल." मग ते चिमटेकडे वळले. "उद्यापासून सगळ्या रक्तगटांची माणसं बोलव. आणखी कुणाची आई वाट बघत असेल."

शाल्मलीने डोळे पुसून आईला फोन लावला आणि सगळं खरं खरं सांगितलं.

पलीकडे आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझी दहावी मी बघणार तर."