लेना नदीकाठची माती

१९८१च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ गिरिधर रशियाहून शिकून परत आला. त्याला घ्यायला मी सायकल घेऊन नागपूर स्टेशनवर गेलो होतो. त्याच्याजवळ एक ट्रंक होती आणि कापसाच्या गादीत गुंडाळलेला एक लांबट डबा. ट्रंक त्यानं माझ्या हाती दिली. डबा दिला नाही.

आमच्या घरात शिकलेला तो पहिलाच. छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा सहा वर्षांचा गिरिधर माझ्या खांद्यावर होता. बाप गेलेला. आई, अंजनाबाई, विड्या वळायची. मी शाळा सोडून काटोल रोडवरच्या संत्र्यांच्या शीतगृहात मशीनवर लागलो, ते यानं तरी शिकावं म्हणून.

"दादा, हा डबा तुह्या बर्फाच्या खोलीत ठेवू दे गा. कॉलेजातलं गोठवायचं यंत्र बंद आहे."

डब्यात हातभर लोखंडी नळकांडं होतं. त्यात काळी माती, दगडासारखी गोठलेली.

"काहून गा, इतक्या दुरून मातीच आनली?"

"सायबेरियातली आहे. लेना नदीच्या काठची. हजारो वर्षांपासून गोठून आहे. आतलं गवत, मुळं सडलेच नाहीत. बर्फ वितळला का जंतू जागे होतात, ते खातात, अन् वायू सुटते. वायूनं हवा तापते. हवा तापली का आनखी बर्फ वितळते."

"मंग थांबते कवा?"

गिरिधर नळकांड्यावरून हात फिरवत राहिला. "तिथं एका म्हाताऱ्यानं मले म्हटलं, ही जमीन झोपली आहे, नेऊ नको. मी हसलो त्याच्यावर."

चौथ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. बाहेर लू वाहत होती, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. गिरिधर वही घेऊन बर्फाच्या खोलीत शिरला.

"दार बाहेरून लाव, दादा. फट राहिली तर थंडी निघून जाईन. मी आतून पाहतो."

मी कडी लावली. या हातानं लावली.

मग डिझेल इंजिनाकडे गेलो. ते काही केल्या सुरू होईना. मशीनं बंद पडली की शीतगृहात जी शांतता होते, तशी शांतता मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. त्या शांततेत तो वास आला. दलदलीचा, कुजक्या गवताचा, जनावरांच्या ओल्या केसांचा. मी दाराशी आलो, कान लावला. आत बुडबुडे फुटत होते, सावकाश. आणि त्यांच्यामागे कुणीतरी झोपेत सोडावा तसा एक लांब उसासा...

"गिरिधर?"

"दादा..." आवाज अगदी दाराजवळून आला. "हे नळकांडं हातभर आहे ना गा?"

"हो. काहून?"

"मले तळ दिसून नाही राहिला..."

"बाहेर ये! मी दार उघडतो."

"नको उघडू... हे बाहेर येईन... घरी आई आहे..."

कडी हाताला इतकी तापलेली लागली, की कातडी चिकटली. ओढली, पण हलेना. मी घण आणला. कडी तुटेपर्यंत आतून एकही शब्द आला नाही.

दार उघडलं तशी भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. भिंतींवरचा बर्फ गेला होता, जमिनीवर पाणी होतं. नळकांडं रिकामं. मधोमध स्टुलावर गिरिधर बसलेला. त्या वाफेत त्याच्या पापण्यांवर हिम होतं. हात लावला, तर दगड.

त्याला तसाच घरी आणला. डॉक्टर आले, म्हणाले, संपलं आहे. असं कसं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. त्याला खाटेवर ठेवलं. गुडघे वळलेले, स्टुलावर बसला होता तसेच. बाहेर शेहेचाळीस डिग्री, तरी दोन दिवस तो विरघळला नाही. आई उशाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी खाटेखाली पाणी ठिबकू लागलं, आणि आईनं किंकाळी फोडली.

"शालिक! जित्ता आहे माहा पोरगा! पाह्य, श्वास चालू आहे!"

मी त्याच्या नाकाशी बोटं धरली. खरंच, ऊन, कुजकट हवा येत होती. संथपणे, न थांबता. डॉक्टर पुन्हा आले, नाडी पाहिली, मान हलवली आणि चप्पल न घालताच निघून गेले.

आईनं कुणाला हात लावू दिला नाही. ती त्याच्या छातीवर तळवा ठेवून बसली, तो उठायची वाट पाहत. दिवस कलला. आळीतल्या बाया एकेक करून उठून गेल्या. माझ्या तळहातावर कडीचा फोड आला होता. मी तो दाबत दारात उभा होतो.

शेवटी तिनंच मान वर केली.

"शालिक," ती अगदी हळू म्हणाली, "सकाळपासून हा श्वास नुसता सोडूनच राहिला गा... घेईन कवा हा?"