ओडेसाची शेकलेली टेप

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला गळ घालणार नाही. जे झालं ते चार माणसांनी ऐकलं. चौघांपैकी एकाचाही भुताखेतांवर विश्वास नव्हता.

भुतं रात्रीच येतात, असं गोष्टींत लिहिलेलं असतं. हे गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये भर दुपारी घडलं. फिलाडेल्फियात, ब्रॉड स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतल्या एका स्टुडिओत. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. आत एसी चालू होता आणि सुवासिक मेणबत्ती जळत होती.

मेणबत्ती ट्रेंटची.

मी एल्मोर टिबर्टन. पूर्वी ड्रम वाजवायचो. आता बोटं नीट मिटत नाहीत. माझी बायको ओडेसा गिटार वाजवायची. ती त्याच वर्षी फेब्रुवारीत गेली. शेवटी शेवटी तिला श्वास पुरत नव्हता. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

सत्तरच्या दशकात या शहरात लोक ज्या गाण्यांवर घाम गाळून नाचले, त्यांतल्या कितीतरी गाण्यांत तिचा हात आहे. पण रेकॉर्डच्या पाकिटावर तिचं नाव कुठेच नाही. गायकाचं असायचं, निर्मात्याचं असायचं. मागे बसून वाजवणाऱ्यांना सँडविच मिळायचं.

तिचं नाव एकदा तरी पाकिटावर छापून यावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठीच मी ट्रेंटला हो म्हणालो.

ट्रेंट व्हॅनॉय कोण ते सांगतो. दाताच्या दवाखान्यात तुमचा नंबर येईपर्यंत छतातून एक गिटार वाजत असते ना? गोड, गुळगुळीत, कुठेच न टोचणारी? ती वाजवणारा माणूस. पांढरा लिननचा शर्ट, तीन बटणं उघडी. बोटं मात्र चांगली होती त्याची. चांगल्या बोटांनी माणूस आयुष्यभर साखरेचं पाणी ढवळत बसला, याचाच मला जास्त राग.

त्याला आता जुन्या फंक आणि डिस्कोच्या नाचगाण्यांवर अल्बम काढायचा होता. म्हणजे आम्ही जे जगलो, ते त्याला इस्त्री करून विकायचं होतं. ओडेसाची एक जुनी टेप माझ्याकडे आहे, हे त्याला कुठूनतरी कळलं. फोनवर म्हणाला, तिच्या गिटारवर मी माझी गिटार वाजवीन, पाकिटावर दोघांची नावं शेजारी शेजारी छापू.

मला तो 'लेजंड' म्हणायचा. एल्मोर हे नाव काही त्याच्या तोंडात शेवटपर्यंत बसलं नाही.

ती टेप १९७७ मधली. बाकीचे वादक यायच्या आधी आम्ही दोघंच वाजवत बसलो होतो. एका बाजूला तिची गिटार, दुसऱ्या बाजूला माझे ड्रम. गाण्याला नावही नव्हतं.

आता ओडेसा कशी वाजवायची ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती तारा दाबून धरायची आणि नुसती खरवडायची. चक... चक-चक... आणि मग हात हवेतच थांबवायची. त्या थांबण्यात काहीच नसायचं. पण पाय हलायचा तो तिथेच. त्या जागेत कुणी काही वाजवलं, तर ती मान वळवून बघायची. बोलायची नाही. नुसती बघायची. मोठमोठे लोक वरमून गप्प झालेले मी पाहिलेत.

एवढी जुनी टेप तशीच यंत्रावर लावता येत नाही. ती चिकट झालेली असते. तिच्यावरचा तपकिरी थर सोलून निघतो आणि त्याबरोबर आवाजही जातो. म्हणून आधी ती मंद आचेवर शेकतात. ते काम लोरेटा पिंकनी करते. स्टुडिओचं रेकॉर्डिंग तीच सांभाळते. सफरचंदाच्या फोडी वाळवायचं तिच्या स्वयंपाकघरात एक यंत्र आहे, त्यात रात्रभर टेप ठेवते. शेकलेली टेप काही आठवडे नीट चालते. मग पुन्हा चिकटते.

"मिस्टर एल्मोर, उगाच पुन्हा पुन्हा लावू नका हं," ती म्हणाली होती. "दर वेळी थोडी झिजते ती."

त्या दुपारी मी पोहोचलो, तेव्हा स्टुडिओच्या छताला डिस्को बॉल टांगलेला होता. फोटोसाठी. फोटो काढून फोटोग्राफर निघून गेला होता आणि तो चकचकीत गोळा वर तसाच फिरत होता. बेस वाजवायला ब्यूफर्ड आला होता, आमच्या काळचा. कोपऱ्यात बसून तळलेल्या माशाचं सँडविच खात होता. मला बघून म्हणाला, "ये रे. पाणी घातलेलं दूध विकणारा गवळी आज साय शोधायला निघालाय."

ट्रेंट हसला. आपल्याबद्दल बोलतायत हे त्याला कळलं नसावं.

मग त्याने मला सहज सांगितलं की टेपवरचे ड्रम तो घेणार नाही. ड्रमच्या जागी मशीन. लोकांना आता स्वच्छ आवाज लागतो. ब्यूफर्ड माझ्याकडे बघून घास चावत राहिला. मी स्वतःसाठी आलो नव्हतो.

लोरेटाने टेप लावली.

आधी नुसती खरखर... मग तिचा आवाज. वन, टू. एवढंच. मग गिटार.

चक... चक-चक...

मी खाली बघत बसलो. लोरेटाने यंत्राशी काहीतरी काम असल्यासारखं केलं. ट्रेंट मान डोलवत "मस्त, मस्त" म्हणत होता. भर चर्चमध्ये एखाद्याने च्युइंगम चघळावं तसं.

तिची बाजू कॉम्प्युटरवर उतरवून झाली. ट्रेंट काचेपलीकडे जाऊन बसला आणि तिच्यावर वाजवायला लागला.

त्याने एकही जागा सोडली नाही. जिथे जिथे तिचा हात थांबायचा, तिथे तिथे हा सुरांच्या लडीच्या लडी ओतत होता. भरल्या ताटात कुणीतरी वरून पाक ओतत राहावं, तसं. आम्ही तिघांनी काचेच्या अलीकडून सगळं ऐकलं. यंत्रावरचे काटे उड्या मारत होते. ते मी स्वतः पाहिलं.

तो बाहेर आला. लोरेटाने वाजवलेलं परत लावलं.

चक... चक-चक...

आणि मग...

काहीच नाही.

तिचा हात जिथे थांबत होता, तिथे ट्रेंटही नव्हता. जागा सरली की त्याची गिटार परत सुरू. पुन्हा जागा आली की गायब.

लोरेटा म्हणाली, केबल खराब असेल. केबल बदलली. त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा लावलं.

तेच.

मग तिने आवाज वाढवला. आणि आम्हाला ऐकू आलं, की त्या मोकळ्या जागेत ट्रेंट होता... त्याचा श्वास येत होता. त्याची खुर्ची कुरकुरत होती. बूट जमिनीवर ताल देत होता.

फक्त तारा वाजत नव्हत्या.

ब्यूफर्डने हात पुसले. "पोरा," तो म्हणाला, "तू पहिल्यांदाच बरं वाजवलंयस."

मी हसलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. भीती वगैरे अजिबात वाटली नाही. मला वाटलं, बघतेय ती. मान वळवून बघतेय या शर्टवाल्याकडे.

ट्रेंटचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, मशीन जुनाट, टेप जुनाट, इथली माणसंही जुनाट. तिसऱ्यांदा आत गेला आणि मुद्दाम जोरात वाजवलं. पहिल्यापेक्षाही जास्त भरलं.

लोरेटाने लावलं.

चक... चक-चक...

या वेळी तारा नव्हत्याच. तिच्या खरवडण्याच्या मध्येही नाहीत, कुठेच नाहीत.

खुर्चीही नाही...

बूट नाही...

लोरेटाने आवाज अगदी शेवटपर्यंत वाढवला. खोलीची बारीक घूंघूं येत होती. पण त्या खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं.

ट्रेंट आमच्या शेजारीच उभा होता. त्याने एकदम खुर्चीची पाठ पकडली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा. लोरेटाने घाईघाईने बटण दाबून आवाज बंद केला आणि त्याच्या छातीत हवा शिरल्याचा मोठा आवाज झाला.

"एसी कमी करा," तो म्हणाला. आणि बाहेर उन्हात निघून गेला.

ब्यूफर्ड आता हसत नव्हता. मीही नव्हतो.

अर्ध्या तासाने ट्रेंट परत आला, हातात लिंबाच्या बर्फाचा कप घेऊन. काही झालंच नाही असा चेहरा. म्हणाला, तिची गिटार काढून टाका, तसलं खरवडणं मीच वाजवतो. आणि वाजवलं. हुबेहूब, एकेक ठोका जागेवर. नंतर त्यावर आपला पाकही ओतला.

परत लावलं तर सगळं शाबूत. एक सूरही हरवला नव्हता.

मी त्याला सांगितलं, ती यात नाही, तर तिचं नाव पाकिटावर घालू नकोस.

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लेजंड, नाव तर राहणारच. लोकांना गाण्यामागे काहीतरी गोष्ट लागते."

त्याला मारायला हवं होतं. पण मूठ मिटली नाही. शिवाय खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याची दया आली. स्वतःचा श्वास गेलेला ऐकूनही या माणसाच्या डोक्यात पाकीट होतं.

अल्बम मार्चमध्ये आला. पाकिटावर ट्रेंट चमकणाऱ्या पँटमध्ये डिस्को बॉलखाली उभा आहे. खाली बारीक अक्षरांत ओडेसा टिबर्टन. शेजारच्या बायका केक घेऊन अभिनंदन करायला आल्या. एकीने ते गाणं लावून डोळे पुसले. मिस ओडेसाचा हात लगेच ओळखू येतो म्हणाली.

मी केक खाल्ला.

गाणं मी नीट ऐकलं. त्यात भूत नाही, काही नाही. ओडेसाने तिकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. ते आता माशांच्या दुकानात वाजतं, बँकेत वाजतं, फोन होल्डवर ठेवला की वाजतं. कुणाचाही पाय हलत नाही.

मग मला तिला ऐकावंसं वाटलं. खऱ्या तिला.

टेप पुन्हा चिकट झाली होती. लोरेटाने ती परत शेकून दिली. म्हणाली, ही शेवटची वेळ. यानंतर हिच्यात काही उरणार नाही. माझ्याकडे जुनं रीळ वाजवायचं यंत्र आहे. ते दिवाणखान्यात काढलं. दुपारच्या जेवणानंतर खिडकी बंद करून बसलो.

वन, टू.

चक... चक-चक... मागे माझे ड्रम. सत्तावीस वर्षांचा मी. छान वाजवत होतो, खोटं कशाला बोलू?

मग तिचा हात थांबला. त्या जागेत मी तेव्हा ड्रमच्या झांजेवर काठीची एक छोटी टिचकी मारायचो; नवरा म्हणून मला तेवढं माफ होतं. मला ती तोंडपाठ आहे.

आली नाही...

मला वाटलं टेपचा थर तेवढ्या जागी गेला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. तिची गिटार स्वच्छ. माझे ड्रम आणखी दोन ठिकाणी नव्हते. माझ्या स्टुलाची करकर होती. मी नाकातून श्वास घ्यायचो, तो होता.

ब्यूफर्डला बोलावलं. तो डब्यात बटाट्याचं सॅलड घेऊन आला, जेवूनच ऐकू म्हणाला. मी आधीच टेप लावली. तो डबा हातात धरून उभ्यानेच ऐकत राहिला. तोवर ड्रम जवळजवळ सगळेच गेले होते.

"एल्मोर," तो म्हणाला, "तू कुठंयस यात?"

मी आवाज थोडा वाढवला.

"बंद कर ते. जाळून टाक. माझं ऐक."

त्याने स्वतःच जाऊन यंत्र बंद केलं. डबा टेबलावर ठेवला आणि टोपी विसरून निघून गेला. आता फोन करतो, घरी येत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, टेपची झीज आहे, म्हातारा दुःखात आहे. म्हणा. लोरेटालाही मी विचारलं. ती म्हणाली, झिजली तर दोन्ही बाजू झिजतील. एकच कशी झिजेल? आणि ओडेसाची बाजू तर उलट दिवसेंदिवस जवळ येतेय. पूर्वी ती खोलीच्या टोकाला बसून वाजवतेय असं वाटायचं. आता माझ्या खुर्चीच्या बाजूला.

एवढंच मला कळत नाही. त्या गुळगुळीत माणसाला तिने बाहेर काढलं, ते ठीक. पण मी तिचा नवरा. ती मला हाकलतेय की बोलावतेय?

काल दुपारी लावली. वन, टू... चक... चक-चक...

हात थांबला.

कान यंत्राला लावून बसलो. स्टूल करकरलं नाही. माझा श्वास आला नाही.

खोलीत फार शांत झालं. छातीवर कुणी तळहात ठेवावा तसं वाटलं, हलकेच, आणि श्वास आत जाईना. जागा सरून ती परत वाजवायला लागेपर्यंत ते तसंच राहिलं.

ती जागा परवापेक्षा लांब होती.

आज दुपारी पुन्हा लावणार आहे.