दीड महिना वाळणारं धोतर

"यंदाच्या उन्हाळ्यात हवा पातळ झाली हाये!" मुखरू पाटील चावडीच्या ओट्यावरून म्हणाले. "पातळ हवेत आवाज टिकत नाई. वाटेतच पडून जाते. म्हणून आपला रेडिओ बंद हाये."

कोसमटोल्याच्या माणसांनी वर पाहिलं. हवा दिसली नाही. ज्या अर्थी दिसत नाही त्या अर्थी ती पातळच असणार, असं बऱ्याच जणांना पटलं.

"मंग उपाय काय, पाटीलभाऊ?" दसरू कोतवालांनी विचारलं.

"मोठी बॅटरी! घरटी दोन पायल्या चारोळी. परवा सांजेला इथी आणून टाका. दुसऱ्या दिवशी माझी बैलबंडी अहेरीच्या बाजाराले जाते."

पायरीवर बसलेल्या सुकरीच्या डोक्यावर त्या क्षणी कुणी मका टाकला असता, तर लाह्या फुटल्या असत्या. दीड महिन्यातला हा तिसरा फंड! पहिला फंड बॅटरी मेली म्हणून. दुसरा फंड नवी बॅटरी आजारी निघाली म्हणून. आता तिसरा, हवेला ताप आला म्हणून!

हा रेडिओ सरकारने गेल्या वर्षी साऱ्या गावासाठी दिला होता. बॅटरीचा खर्च तेवढा गावाने करायचा. चावडीच्या भिंतीवर तो एका लाकडी पेटीत बसवलेला. समोर जाळी, जाळीला आतून कापड, बाजूला कुलूप, आणि कुलपाची किल्ली पाटलांच्या करदोड्याला. सांज झाली की भजन लागायचं, मग बातम्या, मग बाजारभाव. भजनाला म्हातारे डोलायचे, बातम्यांना सगळे पेंगायचे आणि बाजारभावाला मात्र अख्खं गाव श्वास रोखून बसायचं.

कारण कोसमटोल्यात चारोळीला भाव नव्हताच. पाटलांच्या दुकानात एक पायली चारोळी ओतायची आणि एक पायली मीठ घेऊन घरी यायचं. आजोबा तसंच करत, बाप तसंच करत. एके दिवशी रेडिओने चारोळीचा अहेरीचा भाव सांगितला. दुसऱ्या सकाळी सुकरीची माय बुधरी पाटलांच्या दुकानात गेली, टोपलं खाली ठेवलं, थोडा विचार केला, आणि टोपलं परत डोक्यावर घेऊन घरी आली. तिच्या मागे सात बाया परत आल्या.

त्यानंतर आठव्या दिवशी रेडिओ मुका झाला. आणि आज काय भाव आहे ते कळेना, तेव्हा लोक पुन्हा मीठ आणू लागले.

अकरा वर्षांच्या सुकरीला पावसाळ्यात अहेरीच्या शाळेत जायचं होतं, पाचवीत. तिकडे राहायचं म्हणजे पत्र्याची पेटी हवी, दोन फ्रॉक हवेत. बारा दिवस ती पहाटे मायबरोबर रानात जात होती. फळं वेचून, सोलून, जात्यात फोडून तिची बोटं कोळशासारखी झाली होती. एवढं करून तीन पायल्या चारोळी जमली होती. त्यातल्या दोन फंडाला गेल्या की उरलेल्या एकीचं मीठ! आणि मिठाचा फ्रॉक शिवता येत नाही.

"सुकरी! लटारू! चला लवकर!" चैतू धावत आला. चैतू नऊ वर्षांचा. तो चालत कुठेच जात नसे. "रेडिओत चानी शिरली!"

चानी म्हणजे पुस्तकातली खारुताई. लटारू सुकरीच्याच वर्गात होता आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीने त्याच्या तोंडावरची सुरकुती हलत नसे.

"बातम्या द्याले गेली असन," तो म्हणाला.

तिघे चावडीच्या मागे गेले. चावडीची भिंत कुडाची, म्हणजे बांबूच्या काड्यांवर माती थापलेली. त्यात रेडिओची तार आत घ्यायला एक भोक होतं. तोंडात कापसाचा बोळा धरून चानी त्याच भोकातून आत जात होती आणि रिकाम्या तोंडाने बाहेर येत होती.

"एवढा कापूस?" सुकरी म्हणाली. "रेडिओ असतानी आत जागा कुठी असते? चैतू, चढ लटारूच्या खांद्यावर!"

चैतूने भोकाला डोळा लावला. पलीकडे जाळीतून उजेड येत होता.

"काय दिसून राह्यलं?"

"कापूस. चानीची तीन पिल्लं. एक लाथ मारून राह्यलं."

"आणि रेडिओ?"

"रेडिओ नाई."

"नीट पाय!"

"आता किती नीट पाहू बाप्पा? रेडिओ काय मुंगीएवढा असते? नाईच हाये!"

सुकरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुलूप हाये, किल्ली त्याच्यापाशी, आणि आत रेडिओ नाई! मी आत्ताच जाऊन ओरडते—"

"ओरड," लटारू शांतपणे म्हणाला. "मंग पाटील म्हणन, भोकातून तुमीच काढला. गाव कोणाचं ऐकन?"

"एवढ्याशा भोकातून?"

"ज्यायले पातळ हवा पटली, त्यायले हेबी पटन."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून सुकरीला जास्तच राग आला. तिने रागाने आभाळाकडे पाहिलं, आणि तिथे तिला धोतर दिसलं.

पाटलांच्या घरावर, छपराच्या कवेलूंच्याही वर, दोन उंच बांबू उभे होते. त्यांच्यामध्ये तार ताणली होती आणि तिच्यावर एकच धोतर वाळत होतं.

"लटारू, ते धोतर कधीपासून हाये रे तिथी?"

"माहीत नाई. मी परीक्षेले बसलो तवाबी होतं."

"परीक्षेले दीड महिना झाला! एक धोतर दीड महिना वाळते?"

"पाटलाचं हाये. घेर मोठा असन."

"आणि एवढ्या उंच कपडे वाळू घालाले चढते कोण?" सुकरी बोलता बोलता थांबली. उन्हात ती तार लाल चमकत होती. तांब्याची! चावडीवरची, रेडिओला आवाज पकडून देणारी तारही तांब्याचीच होती. सुकरीने चावडीच्या छताकडे पाहिलं. तिथे आता नुसते दोन बांबू उरले होते.

त्या दिवशी दिवेलागणीला तिघे पाटलांच्या काटेरी कुंपणामागे पालथे पडले. मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, धानाची ढोली होती. बांबूची विणलेली, शेणामातीने सारवलेली, आत माणूस उभा राहील एवढी मोठी. उन्हाळ्यात धान संपून ती रिकामी असते. तांब्याची तार कवेलूंखालून उतरून थेट त्या ढोलीत गेली होती.

थोड्या वेळाने पाटील आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शिडीवर चढले. एक पाय ढोलीत टाकला. दुसरा पाय बराच वेळ हवेत सायकल चालवत राहिला आणि मग तोही आत गेला. मग ढोली भजन म्हणू लागली.

"ढोलीचा आवाज चांगला हाये," लटारू कुजबुजला.

भजन संपलं. बातम्या झाल्या. मग बाजारभाव लागले आणि ढोलीतून पाटील खुदुखुदू हसल्याचं ऐकू आलं.

सुकरीने मुठीत माती आवळली. आपला रेडिओ, आपली तार, आपल्या चारोळीची बॅटरी! गावाला मीठ देऊन हा माणूस एकटाच ढोलीत बसून आपल्या चारोळीचा भाव ऐकतो!

सकाळी ती दसरू कोतवालांकडे गेली. "दसरूकाका, रेडिओ पाटलाच्या ढोलीत हाये. आमी कानाने ऐकला."

कोतवालांनी विडी विझवली. "ढोलीत धान असते, पोरी."

"एक डाव जाऊन पाहा ना!"

"पाटलाच्या घरात मी पाटलाले विचारल्याबिगर कसा जाऊ?"

"मंग विचारा!"

"काय विचारू? तुमी चोर हा काय, असं?" कोतवालांनी विडी पुन्हा पेटवली. "पोट्टे हा तुमी. सुट्टी हाये. आंबे खा."

सुकरी तिथून निघाली ती पाय आपटतच. "आपण सांगतलं तर कोणी ऐकत नाई. हे पाटलाच्याच तोंडून निघालं पायजे!"

"पाटील कायले सांगन?" चैतू म्हणाला.

सुकरी चालता चालता थबकली. "पेटी रिकामी हाये हे गावात कोणाले माहीत हाये?"

"आपल्याले. पाटलाले. चानीले."

"आणि ती रिकामी पेटी बोलली तर?"

लटारूच्या तोंडावरची एक सुरकुती हलली. असं गावात पहिल्यांदाच घडत होतं.

रानातून त्यांनी एक सरळ, जाड बांबू तोडून आणला. सळई चुलीत लाल करून सुकरीने त्याचं पेर न् पेर आतून जाळून काढलं. रानातल्या झऱ्यावरून पाणी आणायची पन्हळ तिचा बाप अशीच करायचा. पाण्याऐवजी आवाज सोडायचा, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी सांजेला चावडीपुढे गाव जमलं. चारोळीची टोपली ओळीने मांडली गेली. बुधरीनेही तिचं टोपलं आणलं होतं. त्यात सुकरीच्या दोन पायल्या होत्या. पाटलांनी हात जोडले.

"गावकरीहो, रेडिओ म्हणजे गावाचा कान! तो बंद राहू नये म्हणून मी रात्रंदिवस—"

"नमस्कार," पेटी म्हणाली.

चावडीमागे लटारूने बांबूचं एक टोक भोकात, पिल्लांपासून दूर धरलं होतं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावलं होतं. रिकाम्या लाकडी पेटीत त्याचा आवाज असा घुमत होता, की चैतूने भीतीने त्याचाच हात धरला.

"श्रोते हो, आता हवामान. कोसमटोल्याची हवा आज जाड आहे. इतकी जाड, की तिच्यावर भाकरी थापता येईल."

"सुरू झाला!" माणसं उठून उभी राहिली. "आपला रेडिओ सुरू झाला!"

पाटलांचं तोंड उघडं होतं आणि ते मिटायचं त्यांना सुचत नव्हतं.

"आता बाजारभाव. अहेरी येथे एका पायली चारोळीला मीठ पाच पायल्या. एका पायलीला एकच पायली मीठ देणाऱ्या दुकानदाराची किंमत मात्र आज बाजारात कोणी विचारली नाही."

हा पाच पायल्यांचा भाव लटारूच्या पदरचा नव्हता. परवा ढोलीनेच चारोळीचा भाव सांगितला होता आणि सुकरीने तो पाटलांच्या दुकानातल्या मिठाच्या भावाशी ताडून पाहिला होता.

बुधरीने आपलं टोपलं उचललं. "पाटीलभाऊ, रेडिओ तर बॅटरीबिगर बोलून राह्यला. मंग फंड कायले?"

"हो ना! कायले?" सात बाया म्हणाल्या आणि सात टोपली उचलली गेली.

"ठेवा! ठेवा खाली!" पाटील ओरडले. "तो रेडिओ नाई हाये!"

"पेटीतून बोलते, भजनाच्या वेळेले बोलते, मंग रेडिओ नाई तर काय हाये?" कोतवालांनी विचारलं.

"तो बोलूच शकत नाई!"

"काऊन?"

"अरे काऊन म्हणजे! पेटी रिकामी हाये!"

कुठेतरी एक टोपलं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"पाटील," कोतवाल सावकाश म्हणाले, "किल्ली तुमच्या कंबरेले. रेडिओ आत बंद पडला म्हणून फंड मागता. मंग पेटी रिकामी हाये, हे तुमाले कसं माहीत?"

पाटलांनी उत्तर शोधण्यासाठी वर पाहिलं. तिथे धोतर होतं.

"उघडा पेटी!" जंगूबाबा काठी आपटून म्हणाले. ते गावातले सगळ्यांत म्हातारे. त्यांचं ऐकावंच लागे.

पाटलांनी करदोड्याची किल्ली ओढून कुलूप काढलं. दार उघडताच चानी थेट त्यांच्या फेट्यावर बसली आणि आपल्या पिल्लांच्या वतीने तिला जे बोलायचं होतं ते कर्कश आवाजात बोलली. पेटीत कापूस होता, पिल्लं होती आणि बांबूचं एक टोक होतं.

त्याच बांबूतून आता दुसराच आवाज आला. सुकरीने लटारूला बाजूला ढकललं होतं.

"रेडिओ पाटलाच्या ढोलीत हाये! तो रोज ढोलीत उतरून भाव ऐकते आणि आपल्याले मीठ देते! खोटं वाटत असन तर ते वरचं धोतर पाहा! दीड महिन्यापासून वाळून राह्यलं! ते धोतर नाई, आपली तार लपवून राह्यलं!"

अख्ख्या गावाने मान वर केली. धोतर वाऱ्यावर हललं.

मग गाव निघालं. पुढे बुधरी, मागे सात बाया, त्यांच्या मागे माणसं, आणि सगळ्यांत शेवटी कोतवाल. पाटलांना विचारल्याबिगर पाटलांच्या घरात जाताना त्यांना या खेपेला काही वाटलं नाही.

"अरे, चोरापासून सांभाळून ठेवला होता!" पाटील म्हणत होते.

"चोरापासून?" बुधरी शिडीवरून ढोलीत वाकून म्हणाली. "मंग चोराच्याच घरी काऊन ठेवला?"

रेडिओ निघाला. शेजारी दोन बॅटऱ्या निघाल्या, दोन्ही ठणठणीत. एक उशीही निघाली. फंडाची चारोळी दुकानातल्या पोत्यांत होती. ती रात्र व्हायच्या आत घरोघर परत गेली. गावाची पाटीलकी काढून घ्या म्हणून जंगूबाबांनी तहसीलदारांकडे अर्ज लिहवला आणि त्यावर सगळ्यांत पहिला अंगठा बुधरीने उठवला.

"शाबास, पोट्टेहो!" जंगूबाबांनी तिघांच्या पाठीवर हात फिरवला. "आमी म्हातारे झालो, पण आमाले ते धोतर दिसलं नाई."

"मले संशय होताच," कोतवाल म्हणाले.

"तुमी आंबे खा, काका," सुकरी म्हणाली.

कोतवाल वरमले. शाबासकीने तिघांचे चेहरे फुलायला हवे होते. चैतूचा फुललाही. सुकरीच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही. आजोबांनी नेलेलं मीठ, बापाने नेलेलं मीठ, ते कोण मोजणार होतं? दुसऱ्या सकाळी बाया स्वतःच अहेरीच्या बाजाराला गेल्या आणि रेडिओच्या भावाने विकून आल्या. सुकरीची पत्र्याची पेटी आली. निळी. तिच्यावर हात फिरवताना ती आठी अर्धी मावळली.

रेडिओ आता चावडीत एका पाटावर, उघड्यावर ठेवला आहे. लाकडी पेटीत पिल्लं आहेत, आणि चानीला घर खाली करायला सांगायची कोणाची छाती नाही. कुलूप कोणी लावत नाही. बॅटरीसाठी आता घरटी मूठभर चारोळी जमते आणि ती बुधरी सांभाळते.

तांब्याची तार काढून पुन्हा चावडीवर ताणली, तेव्हा लटारू बांबूवर चढला होता. धोतर तारेला गाठी मारून पक्कं बांधलेलं होतं, ते तारेबरोबरच चावडीवर आलं होतं. खाली रस्त्याने मुखरू पाटील मान खाली घालून चालले होते.

"सुकरी!" लटारू वरून ओरडला. "धोतर सोडू काय?"

सुकरीने पाटलांकडे पाहिलं. मग धोतराकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "अजून वाळलं नाई."