सूट, कारणासकट

तो माझ्याकडे टक लावून बघत होता... आणि मी, वेडी, चक्क लाजले!

भरती केंद्रातली कान तपासायची खोली माझी. आमच्या देशात पंचविशीच्या आत दोन वर्षं सैन्यात जावंच लागतं. त्याआधी प्रत्येक जण हेडफोन लावून माझ्या काचेपलीकडे बसतो. मी कळ दाबून आवाज सोडायचा, त्याने ऐकू आला की बटण दाबायचं. बरेच जण बहिऱ्याचं सोंग घेतात आणि मी ते तीन मिनिटांत पकडते.

हा मात्र उजव्या कानाच्या प्रत्येक आवाजाला चटकन बटण दाबत होता. वर हसत होता.

"काम काय करता?"

"पियानोचे सूर जुळवतो. तुमच्याकडे आहे का एखादा बिघडलेला?"

"पियानो नाही माझ्याकडे."

"मग दुसरं काही बिघडलेलं?"

"समोर बघा!"

"समोरच तर बघतोय..."

मी डावा कान सुरू केला. तिथेही तो बटण दाबत होता, पण त्याची नजर माझ्यावरून हलेना. शेवटी उगाचच केस सावरायला मी उजवा हात वर नेला आणि कळ डाव्या हाताने, फाइलीआडून दाबली. त्याने बटण दाबलं नाही. आवाज वाढवला, तरी नाही. म्हणजे स्वारी माझ्या बोटांकडे बघून बटण दाबत होती! कसलं प्रेम नि कसलं काय!

मी तणतणत दार उघडलं. "डाव्या कानाने ऐकू येत नाही तुम्हाला."

त्याचं हसू मावळलं. "लहानपणी ताप आला होता... लिहू नका ना, मॅडम."

"अहो, लोक सुटायला बहिरे होतात, आणि तुम्ही अडकायला धडधाकट?"

"सूट मिळालेल्यांची यादी तुम्ही फाटकावर लावता. कारणासकट. एका कानाने बहिरा माणूस पियानो जुळवतो म्हटल्यावर कोण बोलावेल मला? त्यापेक्षा दोन वर्षं गेली तर गेली."

"आणि तोफांजवळ उजवाही गेला तर?"

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

वशिल्याने कुणी सुटलं असं कुणी म्हणू नये, म्हणून ती यादी. बाबांना ती फार आवडते. ते स्वतः सैन्यात होते. त्या संध्याकाळी जेवताना मी मुद्दाम विषय काढला.

"सगळ्यांनीच जावं," बाबा म्हणाले. "नाहीतर फक्त गरिबांची पोरं जातात."

"पण जाणाऱ्याला कुणी विचारतं का, बाबा?"

"मला नव्हतं विचारलं."

"विचारलं असतं तर?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. "तरी गेलो असतो गं. पण विचारायला हवं होतं."

सकाळी मी अहवालात खरं तेच लिहिलं. नियम वगैरे ठीक आहे, पण मला त्याचा उजवा कान वाचवायचा होता. शुक्रवारी यादी लागली. आपण एका माणसाच्या पोटावर पाय दिला, हेच सारखं डोक्यात. तो येईल, भांडेल, निदान भांडेल तरी... आठ दिवस तो आलाच नाही.

नवव्या दिवशी दुपारी तो फाटकाशी उभा होता, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"संगीतशाळेच्या बाईंनी यादी वाचली," तो म्हणाला.

"आणि...?"

"म्हणाल्या, चार वर्षं आमचे पियानो याच कानाने जुळवलेत ना? मग सोमवारी या."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसायला लागले आणि डोळ्यांतून पाणी कधी आलं कळलंच नाही.

"रागावला होतात ना?"

"चार दिवस. मग लक्षात आलं, आता कुणापासून काही लपवायचं नाही. इतकं हलकं वाटलं!"

"त्या दिवशी नुसते बोटांकडे बघत होतात," मी फुरंगटून म्हणाले.

"डाव्या कानाच्या वेळी. उजव्याच्या वेळी बोटांकडे बघायची मला काय गरज होती?"

बाई गं! हे मला आठ दिवसांत सुचू नये?

आम्ही चालायला लागलो. मी त्याच्या डावीकडे होते. त्याने हळूच माझा हात धरून मला उजवीकडे आणलं. "आता बोल."

"तू मला आवडतोस," मी अगदी हळू म्हणाले.

"पुन्हा सांग."

"ऐकू नाही आलं?"

"आलं की! म्हणूनच पुन्हा सांग."