कपाटाच्या खांद्यावरचा पट्टा

"चेंडूकडे तर सगळेच बघतात गं. ज्याच्याकडे चेंडू नाही, त्याच्याकडे बघ."

हा माझ्या आईचा आवाज. तेव्हा मी एवढीशी होते, बाकावर बसले की पाय जमिनीला टेकायचे नाहीत. वार्नुपिसचं आमचं जुनं क्रीडागृह, ओल्या कोटांचा वास, लसूण चोळून तळलेल्या काळ्या पावाचा वास, आणि सगळं गाव एका तालात टाळ्या वाजवतंय… त्या गोंगाटात आई माझ्या कानाशी वाकून हळूच सांगायची. ती स्वतः महिला संघातून खेळलेली. नावावर गुण फारसे नव्हते. "मी दारं उघडायचे," म्हणायची, "आत दुसऱ्या जायच्या."

आई गेली, आवाज तेवढा राहिला.

लिथुआनियात पोरं चालायच्या आधी चेंडू फेकायला शिकतात, असं बाहेरचे लोक म्हणतात. आम्ही हसतो, पण नाही म्हणत नाही. आमच्या गावात बास्केटबॉल कळत नाही असं कबूल करणारा माणूसच सापडायचा नाही. आणि सगळ्यात जास्त कळतं कुणाला, तर आल्फोन्सास आजोबांना. कुठल्या साली, कुठल्या सामन्यात, कुणी किती गुण केले, सगळं तोंडपाठ. वाद झाला की लोक त्यांच्याकडे जायचे.

मी मात्र आईच्या सांगण्यासारखं बघायचे. म्हणूनच तो मला दिसला.

ऑक्टोबरची संध्याकाळ होती. आमचा संघ अगदी शेवटच्या क्षणी हरला होता आणि बाहेर बारीक, बोचरा पाऊस लागला होता. मी बसथांब्याच्या पत्र्याखाली जाऊन उभी राहिले, तर तिथे आधीच कुणीतरी होतं. उंच, रुंद, भिजलेलं. दौमांतास. आमचा बारा नंबर. याच्याच फाऊलमुळे सामना गेला होता. गावाने त्याला नाव ठेवलं होतं — कपाट. कारण काय, तर हा नुसता उभा राहतो!

"तुमचा डावा खांदा," मी म्हटलं.

तो दचकला. "काय झालं खांद्याला?"

"घाई करतो. तुम्ही एर्विनाससाठी आडोसा देता —" एर्विनास म्हणजे संघात सगळ्यात जास्त गुण करणारा. आडोशाला खेळात स्क्रीन म्हणतात, पण आई आडोसा म्हणायची, म्हणून मीही. "त्याच्यामागे धावणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं. पण तुम्ही पुरते थांबायच्या आधीच खांदा वळतो. पंचाला दुसरं काय हवं?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. पापण्यांवरून पाणी ओघळत होतं.

"तुम्ही पंच आहात?"

"मी विणकर आहे. आणि तुम्ही काय, तू म्हण. अख्खं गाव तुला कपाट म्हणतं, मी तरी कशाला मान द्यायचा?"

तो हसला. इतक्या मोठ्या माणसाचं हसू इतकं लाजरं असेल, असं वाटलं नव्हतं.

"खांदा वळतो, कारण… एर्विनास सुटला की नाही ते बघायचं असतं मला."

"बघू नकोस. तो सुटतोच. आणि आडोसा दिल्यावर तू बास्केटकडे धावतोस. दर वेळी मोकळा असतोस तिथे. मग हात वर का करत नाहीस?"

"मला कोण पास देणार?"

"मागितल्याशिवाय? कुणीच नाही."

बस आली. मी चढले. काच पुसून पाहिलं, तर तो पत्र्याखाली उभा राहून पाय रोवून बघत होता. एकदा, दोनदा. खांदा न वळवता. भोवती पाऊस, मध्ये हे कपाट… मला हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात तो आमच्या दाराशी हजर. मी आणि दोमिसेले मावशी — आईची बहीण — मिळून माग चालवतो. टेबलावरची कापडं, लग्नातले पट्टे, असं काहीबाही विणतो. त्याने उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे केला.

"उंबऱ्यावरून हात मिळवतात का?" मावशी आतून ओरडली. "भांडण होतं नंतर! आईने शिकवलं नाही वाटतं? आत ये आधी!"

तो आत आला आणि डोकं चौकटीला आपटलं.

"कपाट दारातून कधी सरळ आत आलंय?" मावशी म्हणाली. तो खळखळून हसला, आणि मावशीने त्याला बीटचं गुलाबी सूप वाढलं. तिच्या घरी ही परीक्षा पास झाल्यासारखंच.

"रविवारी सकाळी मी एकटा सराव करतो," जाताना तो मला म्हणाला. "खांदा बघायला कुणीतरी हवं."

"खांदा बघायला?"

"खांदाच," तो म्हणाला, पण कान लाल झाले होते.

मग हिवाळाभर रविवार आमचे झाले. नदी गोठली, क्रीडागृहाच्या काचांवर बर्फाची फुलं उमटली. मी कोट न काढता एर्विनास व्हायचे, तो माझ्यासाठी आडोसा द्यायचा, आणि मी त्याच्या खांद्याला घासून पलीकडे निघायचे. घासून गेलं तरच आडोशाचा उपयोग. मध्ये फट राहिली की पाठलाग करणारा त्यातून शिरतो. हे खेळाचंच शास्त्र आहे, मी नाही केलेलं…

"अजून जवळून," तो म्हणायचा, अगदी गंभीरपणे.

"याहून जवळून गेले तर फाऊल होईल."

"पंच कोण आहे इथे?"

"मीच."

"मग बघ बाई, तुझं तू."

त्याचा खांदा थांबायला शिकला. हात मात्र वर जाईना. आणि अजून एक गोष्ट मी पाहिली, जी मी कुणालाही सांगितली नाही. सामन्यात टाइमआउट झाला की सगळे प्रशिक्षकाभोवती जमतात. पण बारा नंबरची नजर दर वेळी सगळ्यांच्या डोक्यांवरून वर यायची, चौथ्या रांगेकडे, मी बसायचे तिथे. मी लगेच मान खाली घालून कोटाची बटणं चाचपत बसायचे.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला, आणि त्याने एका रविवारी चेंडू खाली ठेवला.

"संघ पुढच्या वर्षी मला ठेवणार नाही. व्यवस्थापक म्हणाले, गुण न करणारा माणूस कशाला पोसायचा? लोकही विचारतात म्हणे. नॉर्वेत माझा मावसभाऊ जहाजांच्या कारखान्यात आहे… शेवटचा सामना झाला की सोमवारी निघेन."

मी हात कोटाच्या खिशात कोंबले. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. "बरं," म्हणाला, आणि चेंडू उचलला.

घरी जाताना माझी पावलं आपोआप जोरात पडत होती. जाणारा जाईल, पण या गावाने त्याला एकदा तरी नीट बघितलंच पाहिजे. न बघता कसे जाऊ देतात?

आमच्याकडे एक रीत आहे. हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर गावातर्फे एका खेळाडूच्या खांद्यावर विणलेला पट्टा बांधतात. अरुंद, लांब, तांबड्या-निळ्या नक्षीचा. विणतो आम्ही, आणि विणणारीच मैदानात जाऊन बांधते. आजवर मावशी बांधायची. सगळ्यात जास्त गुण ज्याचे, त्याला. मागावर बसली की ती एक जुनी ओळ गुणगुणते —

तांबड्या या धाग्यामध्ये ओवली मी निळी रेघ,
ज्याच्या खांद्यावर चढेल त्याच्या दारी थांबो मेघ…

"यंदा पट्टा मी बांधणार," मी म्हटलं.

"बांध की. माझे गुडघे सुटतील. एर्विनास उंच आहे, स्टूल घेऊन जा."

"एर्विनासला नाही."

मावशीचा माग थांबला. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वाइवा, डोकं ठिकाणावर आहे का? तरण्या पोरीने तरण्या पोराला पट्टा बांधला की गाव काय समजतं, ठाऊक आहे ना? नवरी बांधते तो!"

"तू इतकी वर्षं बांधतेसच ना?"

"माझे केस बघ, तोंड बघ! माझ्यावर कोण संशय घेणार? घेतला असता तर मेहेरबानी झाली असती!"

"एर्विनासला बांधला तर चालेल, आणि —"

"एर्विनासला बांधलास तर तो खेळासाठी. त्या कपाटाला बांधलास तर खेळासाठी आहे यावर एक माणूस विश्वास ठेवणार नाही."

"खेळासाठीच आहे," मी म्हटलं.

मावशी पुन्हा मागाकडे वळली. "तू म्हणशील तसं," म्हणाली, आणि ती ओळ मुद्दाम मोठ्याने गायला लागली.

एप्रिलमधला शेवटचा सामना. आम्ही एका गुणाने मागे, चेंडू आमच्याकडे, वेळ संपत आलेली. क्रीडागृहात एवढा आवाज की बाकं थरथरत होती. सगळ्यांचे डोळे एर्विनासवर. मी बारा नंबरकडे पाहत होते.

तो आला, पाय रोवून उभा राहिला. खांदा हलला नाही. एर्विनास त्याला घासून गेला, मागचा बचावपटू भिंतीवर आदळावा तसा आदळला. मग दौमांतास बास्केटकडे वळला, आणि… त्याने हात वर केला! तो एवढा मोठा हात, संपूर्ण वर. आयुष्यात पहिल्यांदा मागितलं त्याने. समोरच्या संघातले दोघे घाबरून त्याच्याकडे धावले, आणि एर्विनासभोवती कुणीच उरलं नाही. त्याने निवांत चेंडू बास्केटमध्ये टाकला.

छप्पर उडायचं बाकी राहिलं. "एर्विनास! एर्विनास!"

मी पट्टा घेऊन मैदानात उतरले. एर्विनासने हसत मान वाकवली. मी त्याच्या बाजूने पुढे गेले.

आवाज हळूहळू विरला.

"ए पोरी, चुकलीस!" वरून कुणीतरी ओरडलं. "एर्विनास मागे राहिला!"

मी दौमांताससमोर थांबले. तो घामाने निथळत होता. "वाइवा, काय करतेस?" पुटपुटला.

"वाक," मी म्हटलं. "स्टूल नाही आणलं."

आल्फोन्सास आजोबा पहिल्या रांगेत उठून उभे राहिले. "बाळ, या मुलाचे आज दोन गुण आहेत. दोन! पट्टा त्याला कसा?"

मी त्यांच्याकडे वळले.

"आजोबा, तुमच्याइतके आकडे या गावात कुणालाच येत नाहीत. एकच सांगा. आत्ता एर्विनास मोकळा कसा झाला?"

"तो… वेगवान आहे म्हणून."

"त्याच्यावरचा माणूस कुठे गेला? आणि बाकीचे दोघे कुणाकडे धावले?"

आजोबांनी टोपी काढून हातात धरली. सबंध क्रीडागृह त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"मी चेंडूकडे बघत होतो," ते शेवटी म्हणाले.

"सगळेच बघत होते," एर्विनास मागून मोठ्याने म्हणाला. "मी सोडून. अरे, हा वर्षभर माझ्यासाठी रस्ता करतोय, मला नाही कळणार? बांध गं! आणि जरा घट्ट बांध, पळून जाईल नॉर्वेला!"

मी बांधला. खांद्यावरून, छातीवरून, कमरेशी गाठ. मग कुठेतरी एक टाळी वाजली. मावशीची. मग आजोबांची, मग त्या एका तालातली सगळ्या गावाची. व्यवस्थापक तेवढे हाताची घडी घालून उभे होते. त्यांचं मत बदललं की नाही, देव जाणे. पण ते आता बारा नंबरकडे बघत होते, एवढं मी पाहिलं.

लोक पांगले. मी बाहेर येऊन उभी राहिले. पुन्हा तोच बारीक पाऊस. थोड्या वेळाने तो दारात आला. कोट हातात, पट्टा अंगावर तसाच.

"आत सगळे चिडवतायत," तो म्हणाला.

"काय म्हणून?"

"तुला माहीत आहे काय म्हणून." त्याने पट्ट्याची गाठ चाचपली. "मी सांगितलं त्यांना, खेळासाठी होता. …खेळासाठीच होता ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. पुरतं खरंही नव्हतं.

"बरं." त्याने दारातूनच हात पुढे केला. "मग… निरोप घेतो. परवा सकाळची बस आहे."

मी हात खिशातच ठेवला. "उंबऱ्यावरून नाही."

"मग आत ये."

"तू बाहेर ये."

तो पावसात आला. पट्ट्याचा तांबडा रंग भिजून गडद झाला. आम्ही इतके जवळ उभे होतो की मधून कुणी शिरू शकलं नसतं.

"तुला सगळं दिसतं, वाइवा," तो हळूच म्हणाला. "चेंडू सोडून बाकी सगळं. एकच गोष्ट हिवाळाभर दिसली नाही. टाइमआउट झाला की मी कुठे…"

"चौथ्या रांगेत."

"दिसलं होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

काय सांगणार? आईने मला दारं उघडायला शिकवलं होतं, आत जायला नाही. त्याला हात वर करायला लावणारी मी, स्वतःचे हात कोटाच्या खिशात कोंबून हिवाळा काढला होता. पाऊस पलीकडे बसथांब्याच्या पत्र्यावर वाजत होता. तो वाट पाहत होता, मार्चमध्ये पाहिली होती तशीच. पण या वेळी मी त्याला "बरं" म्हणू देणार नव्हते.

मी खिशातून हात काढला. वर केला. संपूर्ण वर, पास मागतात तसा. बाहीतून थंडगार पाणी खांद्यापर्यंत ओघळलं.

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ते लाजरं हसू ओठांवर यायला लागलं…

"पट्टा खेळासाठी होता," मी म्हटलं. "हे माझ्यासाठी मागतेय. जाऊ नकोस, दौमांतास. मला तू हवा आहेस."