घड्याळाच्या पाठीमागचा सैनिक

ओल्या कोटातला तो तरुण खरं तर चुकूनच जुनी कागदपत्रं तपासणाऱ्या आल्मूटच्या टेबलाशी आला. त्याला हवे होते घड्याळं पाहणारे गृहस्थ. ते रजेवर होते. मग त्याने आजीचं भिंतीवरचं घड्याळ खुर्चीला टेकवलं आणि त्याच्या पाठच्या फळीआड सापडलेलं एक तपकिरी पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. युद्धाच्या काळातलं, जर्मन सैनिकाचं सेवापुस्तक.

"माझ्या पणजोबांचं," तो म्हणाला. त्याचं नाव टिल्मान.

ग्योटिंगेनच्या त्या लिलावघरात येणारं प्रत्येक पुस्तक कुणाच्या तरी पणजोबांचंच असे. गेल्या वर्षी अशाच एका हसऱ्या माणसाच्या बनावट पुस्तकावर आल्मूटने 'अस्सल' म्हणून सही केली होती. आणखी एक चूक झाली की नोकरी गेलीच. आणि हा तर त्याच्याहून गोड हसत होता...

पडदा ओढून तिने जांभळा दिवा लावला. युद्धानंतरचा कागद बहुधा या उजेडात निळा चमकतो. पुस्तक काळवंडलेलंच राहिलं. चमकला तो टिल्मानचा शर्ट.

"म्हणजे नकली मी आहे," तो म्हणाला.

"ते तपासायचंय अजून."

पिनांचा गंज कागदात उतरला होता. फोटोवरचा अर्धा शिक्का पानावरच्या अर्ध्याशी नीट जुळत होता. सगळंच इतकं ठीक होतं की तिला ते खटकलं. पणजोबा लढाईत कुठे पडले, तिने विचारलं. रुमानियात, चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये. आजी तेव्हा दोन वर्षांची होती, तो म्हणाला.

"मग हे घरी कसं आलं, महाशय? हे पुस्तक सैनिकाच्या खिशात असायचं. माणूस पडला की घरच्यांना मिळायचं ते दुसरं, पलटणीच्या कचेरीत ठेवलेलं."

त्याने पुस्तकाकडे पाहून खांदे उडवले. पण त्याने किंमतही विचारली नाही. येत्या रविवारी मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. आजी दरवर्षी वडिलांच्या नावाने मेणबत्ती लावायची. यंदा शेजारी हे पुस्तक ठेवायचं होतं, पण खरं असेल तरच.

तीन दिवस लागतील, ती म्हणाली. तिन्ही दुपारी तो खसखशीचा केक घेऊन हजर. ही लाच आहे का, असं तिने विचारलं, तर लाच असती तर वर मलई असती, म्हणाला. केक तिने हुंगून पाहिला, मग खाल्ला. तो बोलताना तिच्या हातांकडे का बघतो... हेही तिने संशयाच्या खात्यात टाकलं.

शुक्रवारी सकाळी भिंगाखाली, शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक पुसट शिक्का दिसला. अमेरिकी युद्धकैद्यांच्या छावणीतून सुटका, जुलै १९४५. म्हणजे 'पडल्या'नंतर अकरा महिन्यांनी.

आल्मूटने तारीख पुन्हा वाचली. बनावट करणारा पदकं वाढवतो, लढाया वाढवतो. स्वतःचीच गोष्ट मोडणारा शिक्का कोण मारेल?

टिल्मान आला तेव्हा तिने पुस्तक त्याच्याकडे फिरवलं. "हे खरं आहे. ते पडले, हे खरं नाही. पुस्तक तुमच्या घड्याळात सापडलं, म्हणजे... ते घरी आले होते."

केकचा पुडा त्याच्या हातातच राहिला. म्हणजे आले आणि पुन्हा निघून गेले; निघून गेलेल्या नवऱ्यापेक्षा मेलेला बरा, म्हणून पणजीनेच ते पडले असं सांगितलं असेल, तो हळूच म्हणाला. मग घड्याळाकडे बघत राहिला.

"आजी सांगते, एका माणसाने तिला कडेवर घेऊन याला किल्ली द्यायला लावली होती. त्याची दाढी टोचली, तेही आठवतं तिला. सगळे म्हणायचे — स्वप्न पडलं असेल तुला."

"तेव्हा त्या तीन वर्षांच्या असतील," आल्मूट म्हणाली. तिने अस्सलपणाचा दाखला पुढे ओढला आणि सही केली.

"रविवारी माझ्याबरोबर याल?" त्याने विचारलं. "मी सांगितलं तर ती म्हणेल, नातू समजूत काढतोय. तुमचं मानेल. तुम्ही कुणावरच विश्वास ठेवत नाही ना..."

"येईन. पण आता 'तुम्ही' नको. 'तू' म्हण."

तो पहिल्यांदाच गोंधळला. मग म्हणाला, "आणि माझा निकाल? मी खरा की नकली?"

"तोच चमकणारा शर्ट घालून ये," ती म्हणाली आणि केकचा पुडा त्याच्या हातातून काढून घेतला. या वेळी न हुंगताच.