बिनदेठाचं वांगं

"अहो, ओढू नका... अहो!"

पण निमिषने ओढलंच. नारळाएवढं वांगं हातात आलं आणि देठ राहिला झाडावर.

देवश्रीने हसू दाबलं. "आता भाजताना धरणार कुठे?"

"देठ धरून भाजतात?"

"नाशिकला वांगी भाजत नाहीत वाटतं!"

"आई भाजते. मी खातो."

बांधावरून शेताची मालकीण गंगाचाची ओरडली, "बबुआ, काटकर निकालो!" देवश्रीने त्याला आपला विळा दिला. बोटं लागली... क्षणभरच. तिने उगाचच ओढणी सावरली.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. चातुर्मासात देवश्रीच्या घरी वांगं शिजत नाही. ते येतं चंपाषष्ठीला, भरीत होऊन, खंडोबाच्या नैवेद्याला. म्हणून आदल्या रविवारी सगळं घर राजा घाटावरून नावेने गंगेपलीकडे रामनगरला जातं आणि आपल्या हातांनी वांगी काढतं. बँकेच्या नोकरीसाठी काशीत नवाच आलेला निमिष त्या शेतावर भाजी घ्यायला आला होता. मराठी बोलणं कानावर पडलं, तसा धावत मदतीला आला. देवश्रीच्या बाबांनी, बिंदुमाधवरावांनी, त्याला जेवायलाच बोलावलं. पुढे प्रत्येक रविवार त्याचाच झाला.

यंदा तोही नावेत होता, पण सारखा मोबाइल उघडत-मिटत होता.

"नाशिकला बदली मिळतेय," शेवटी तो म्हणाला. "उद्या कळवायचंय, हो की नाही."

देवश्री पाण्याकडे बघत राहिली. "छानच की. आईच्या हातचं भरीत मिळेल."

"हो... मिळेल." मग हळूच, "तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार?"

शेतात दव होतं. बाबा देवश्रीच्या छोट्या भाचीला, सुरुचीला, शांतपणे शिकवत होते, "उचलून बघ, बाळा. जड लागलं तर आत बिया फार. हलकं घ्यायचं." देवश्रीला काही ऐकू येत नव्हतं. तिने समोरचं वांगं धरलं आणि... खसकन ओढलं.

देठ झाडावरच.

निमिष जवळ आला. "देवश्री... आता भाजताना धरणार कुठे?"

तिचे डोळे भरले, तरी ओठ हसले. "तू आहेस ना धरायला."

"हात भाजेल."

"भाजू दे."

"दरवर्षी?"

"दरवर्षी!"

त्याने तिथेच, बांधावर उभं राहून, मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या आणि आधी तिला दाखवल्या: 'आभारी आहे. मला वाराणसीतच राहायचं आहे.' 'पाठवा'वर बोट मात्र तिनेच दाबलं.

चंपाषष्ठीला ते वांगं निमिषने चिमट्यात धरून भाजलं. बोट पोळलंच. देवश्री फुंकर घालत म्हणाली, "आईंना सांग, मुलगा शिकतोय."

"तूच सांग. पुढच्या महिन्यात येतेय ती... तुला बघायला."

नैवेद्य दाखवून देवश्रीने हात जोडले. दरवर्षी ती काहीतरी मागायची. यंदा मागायला काही सुचेना. तिने नुसते आभार मानले... देवाचे, गंगाचाचीच्या शेताचे आणि झाडावर राहून गेलेल्या त्या दोन देठांचे.